‘बघू’ म्हणजे ‘नाही’ हे कळणं मोजता येतं का? स्किझोफ्रेनिया आणि ‘सोशल परसेप्शन’ची गोष्ट

पावसाळ्यातला रविवार आहे असं समजा. पळसदरी स्टेशनवर कर्जतकडे जाणाऱ्या लोकलची वाट बघत गर्दी उभी आहे. धबधब्यावरून परतलेला पोरांचा घोळका मोठमोठ्याने हसतोय. बाकावर एक आजोबा बसलेत, शेजारी त्यांची पिशवी. एक मुलगा जवळ जाऊन विचारतो, "काका, इथं कुणी बसलंय?" आजोबा काहीच बोलत नाहीत. फक्त पिशवी उचलून मांडीवर घेतात.

मुलगा बसतो. ‘बस’ असं त्याला कुणी म्हटलेलं नाही, तरी त्याला कळलं. पलीकडची पोरं हसतायत ती आपल्याला नाही, हेही त्याला कळलं. या सगळ्याला एखादा सेकंदही लागला नाही.

माणसांकडे बघून, आवाज ऐकून, आजूबाजूचा माहोल ओळखून ‘इथं काय चाललंय’ हे समजून घेण्याच्या या क्षमतेला मानसशास्त्रात ‘सोशल परसेप्शन’ म्हणतात. मराठीत आपण त्याला ‘सामाजिक आकलन’ म्हणू शकतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांना नेमकं इथंच अडखळायला होतं. ते किती अडखळतात हे मोजता येतं का? आणि मोजून उपयोग काय? समजून घेऊया.

आधी स्किझोफ्रेनिया म्हणजे काय?

एक गैरसमज आधी बाजूला ठेवूया. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं राहणं नव्हे. हा घोळ नावामुळे झाला. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी १९०८ साली हा शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ ‘दुभंगलेलं मन’. मराठीतला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही त्यावरूनच आला. विचार, भावना आणि वागणं यांचा एकमेकांशी असलेला मेळ तुटतो, असं त्यांना म्हणायचं होतं. या नावाला चिकटलेला कलंक इतका जड होता की जपानने २००२ साली आजाराचं नावच बदललं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर ३०० जणांमागे साधारण एकाला हा आजार असतो. लक्षणांचे ढोबळ तीन गट पडतात.

- भास आणि भ्रम: कुणी नसताना आवाज ऐकू येणं, आपल्याविरुद्ध कट चाललाय असं ठामपणे वाटणं.
- कमी होणाऱ्या गोष्टी: बोलणं, उत्साह, चेहऱ्यावरचे भाव, लोकांत मिसळण्याची इच्छा.
- आकलनाच्या अडचणी: लक्ष, स्मरणशक्ती, नियोजन आणि सामाजिक आकलन.

औषधं पहिल्या गटावर चांगलं काम करतात. बाकीच्या दोन गटांवर त्यांचा परिणाम तुलनेने खूप कमी होतो. म्हणून असं घडतं की आवाज थांबतात, संशय ओसरतो, डॉक्टर म्हणतात ‘छान सुधारणा आहे’, आणि तरीही तो माणूस कामावर टिकत नाही, मित्र जमवू शकत नाही, घरात सारखे खटके उडतात. घरचे म्हणतात, "औषध तर चालू आहे, मग आता हा मुद्दाम असं वागतोय का?"

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं असतं. ते तसं का, हे दाखवण्यासाठीच मोजमाप लागतं.

‘सोशल’ गोष्टींचे पाच कप्पे

२००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली. स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात सामाजिक आकलनाचे पाच भाग धरावेत, असं तिथं ठरलं. आपल्याकडची उदाहरणं घेऊन ते बघूया.

१. भावना ओळखणं. सासूबाईंचा चेहरा रागाचा आहे की थकव्याचा?

२. सोशल परसेप्शन. चेहरा, आवाज, हातवारे, कोण कुठे उभं आहे, या सगळ्यांवरून प्रसंग ओळखणं. हे दोघं मालक आणि कामगार आहेत की मित्र? आत्ता इथं थट्टा चाललीय की भांडण?

३. सामाजिक नियमांचं ज्ञान. मयताच्या घरी काय बोलायचं नाही, बँकेत रांग कुठून सुरू होते.

४. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज. पाहुणा म्हणतो, "मघाशीच चहा झाला." त्याला खरंच नकोय, की संकोच वाटतोय?

५. कारण कुणावर टाकायचं याची सवय. मित्राने फोन उचलला नाही. तो गाडी चालवत असेल, की मला टाळतोय?

हे कप्पे काचेच्या भिंतींनी वेगळे केलेले नाहीत. प्रत्यक्ष आयुष्यात पाचही एकदम चालतात. पण मोजायचं तर सुरुवातीला वेगळे करावेच लागतात.

याला इतकं महत्त्व का? २०११ साली ५२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. रुग्ण समाजात किती नीट वावरू शकतात, यात माणसागणिक जो फरक दिसतो, त्यातला सुमारे १६ टक्के फरक सामाजिक आकलनाशी जोडलेला निघाला. स्मरणशक्ती, लक्ष यांसारख्या नेहमीच्या बौद्धिक क्षमतांचा वाटा सुमारे ६ टक्के होता. म्हणजे पाढे किती पाठ आहेत यापेक्षा समोरच्याचा सूर ओळखता येतो का, याचा रोजच्या जगण्याशी जास्त संबंध दिसला.

कर्जतचा या गोष्टीशी संबंध काय?

पळसदरी ज्या कर्जत तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ साली मुंबईत हे काम सुरू केलं. कर्जतचं केंद्र २००६ पासून चालू आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे, त्यांचं घर शोधायचं आणि घरी नेऊन पोचवायचं, असं हे काम. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोपर्यंत ७ हजारांहून जास्त जण आपापल्या घरी परतले होते. रस्त्यावर सापडणाऱ्या या माणसांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण मोठं असतं.

आता यातला शेवटचा टप्पा डोळ्यासमोर आणा. अनेक वर्षांनी एक माणूस गावी परततो. भास थांबलेत, औषधं पिशवीत आहेत. दारात सगळं गाव जमलंय. कुणी रडतंय, कुणी कुजबुजतंय, कुणी हसतंय, कुणी दुरूनच बघतंय. वहिनी "या भाऊजी" म्हणते, पण तिचा आवाज जरा ताठ आहे. यातलं प्रेम कुठलं, भीती कुठली, थट्टा कुठली? धडधाकट माणसालाही हा प्रसंग झेपायला कठीण. ज्याची खुणा वाचण्याची क्षमता आजाराने मंदावलीय, त्याचं काय होत असेल?

तो घरात टिकेल की पुन्हा बाहेर पडेल, हे औषधांवर तर अवलंबून असतंच. आजूबाजूची माणसं आणि तो एकमेकांना कसं वाचतात, यावरही असतं.

मग हे मोजतात कसं?

रक्ताची तपासणी करून किंवा मेंदूचा फोटो काढून हे कळत नाही. माणसाला एखादा प्रसंग दाखवायचा किंवा सांगायचा, आणि प्रश्न विचारायचे, हीच मुख्य पद्धत. काही चाचण्या अशा:

व्हिडिओतल्या खुणा ओळखणं. पॅट्रिक कॉरिगन आणि मायकल ग्रीन यांनी १९९३ साली ‘सोशल क्यू रेकग्निशन टेस्ट’ मांडली. लोक आपसात बोलतायत असे ८ छोटे व्हिडिओ दाखवले जातात. मग ‘बरोबर की चूक’ असे प्रश्न. काही प्रश्न सरळ दिसणाऱ्या गोष्टींचे असतात: कोण काय म्हणालं, कोण काय करत होतं. काही न दिसणाऱ्या गोष्टींचे: त्याला काय वाटत होतं, त्याचा हेतू काय होता, तिथं कुठला अलिखित नियम होता. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना दुसऱ्या प्रकारचे प्रश्न जास्त जड गेले. म्हणजे डोळ्यांना दिसतं सगळं, पण त्याचा अर्थ लावताना गाडी अडते.

दोन सेकंदांची झलक. हार्वर्डचे रॉबर्ट रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ‘पॉन्स’ नावाची चाचणी केली. एकाच स्त्रीच्या २२० क्लिप्स, प्रत्येक साधारण २ सेकंदांची. कधी फक्त चेहरा, कधी फक्त शरीर, कधी फक्त आवाज, तोही शब्द कळणार नाहीत असा बदललेला. मग दोन पर्याय: ती कुणावर रागावलीय, की कुणाला निरोप देतेय?

नात्यांचा अंदाज. ‘रिलेशनशिप्स अक्रॉस डोमेन्स’ या चाचणीत दोन माणसांच्या वागण्याचं छोटं वर्णन दिलं जातं. त्यावरून त्यांचं नातं ओळखायचं आणि दुसऱ्या प्रसंगात ती कशी वागतील ते सांगायचं.

सूचक बोलणं. १९९५ च्या ‘हिंटिंग टास्क’मध्ये १० छोट्या गोष्टी असतात. प्रत्येकीत कुणीतरी काहीतरी आडून सुचवतं. आपल्याकडचं उदाहरण करायचं तर, आई मुलाला म्हणते, "दळण संपत आलंय." तिला काय म्हणायचंय? लगेच ओळखलं तर २ गुण. नाही ओळखलं तर आणखी उघड सूचना दिली जाते, मग ओळखलं तर १. ही चाचणी खरं तर ‘दुसऱ्याच्या मनाचा अंदाज’ या कप्प्यातली, पण सोशल परसेप्शनच्या अगदी शेजारची.

परदेशी चाचणी मराठीत भाषांतरित केली की झालं?

इथं खरी मेख आहे. आता शीर्षकातल्या ‘बघू’कडे येऊ. वडिलांकडे नवीन फोन मागितला आणि ते म्हणाले "बघू", तर बहुतेक मराठी घरांत त्याचा अर्थ पोरांना बरोबर कळतो. शब्दशः भाषांतरात तो अर्थ गळून जातो. निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. पाहुणा पहिल्यांदा "नको" म्हणाला तरी आपण ताट वाढतोच.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चंही तसंच. दोघं बोलतायत, आणि मध्येच एक जण ‘अरे तू’वरून ‘हे बघा, तुम्ही’वर येतो. कुणी आवाज चढवलेला नाही, तरी ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी बिनसलंय. सोशल परसेप्शनची इतकी छान खूण मराठीत आहे, पण इंग्रजी चाचणीत ती सापडणारच नाही, कारण तिथं दोन्हींना एकच शब्द. उलट, इंग्रजी चाचणीत एखादा तरुण वडीलधाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो ते ‘आत्मविश्वास’ म्हणून येईल. आपल्याकडच्या एखाद्या गावात त्याला ‘उर्मट’ म्हणतील.

मग त्या चाचणीत कमी गुण मिळाले तर दोष आजाराचा, की चाचणीच्या परकेपणाचा?

हा प्रश्न बंगळुरूच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी गांभीर्याने घेतला. चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यासाठी तिथं ‘ट्रेंड्स’ हे साधन तयार झालं. त्यात भारतीय कलाकारांचे चेहरे आहेत, स्थिर फोटोही आणि हलत्या क्लिप्सही. नंतर २०११ साली डॉ. उर्वक्ष मेहता आणि सहकाऱ्यांनी ‘सॉक्रेटिस’ हा चाचण्यांचा संच प्रसिद्ध केला. नाव ग्रीक तत्त्ववेत्त्याचं वाटलं तरी ते ‘भारतीय वातावरणासाठी सामाजिक आकलन मोजण्याची साधनं’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप आहे. जगात वापरात असलेल्या गोष्टी आणि प्रसंग आपल्या लोकांना ओळखीचे वाटतील असे बदलले गेले. दुसऱ्याच्या मनाचा अंदाज, सोशल परसेप्शन आणि कारण लावण्याची सवय हे भाग त्यात मोजले जातात.

याच गटाच्या पुढच्या कामात असं दिसलं की ज्यांची लक्षणं जवळपास ओसरली आहेत, असे रुग्णही या चाचण्यांत निरोगी लोकांपेक्षा मागे राहतात. ‘बरा झालाय ना, मग आता काय?’ या प्रश्नाचं हे एक उत्तर आहे.

पण कर्नाटकातल्या शहरी माणसाला जमणारी गोष्ट खालापूरच्या आदिवासी वाडीतल्या माणसाला तितकीच ओळखीची असेल असं नाही. कर्जतच्या केंद्रात तर देशाच्या कानाकोपऱ्यातली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं येतात. त्या सगळ्यांना एकच फूटपट्टी लावता येणार नाही. भाषा, शिक्षण, गाव की शहर, यानुसार ‘सामान्य माणसाला साधारण किती गुण पडतात’ हे आधी माहीत असावं लागतं. त्याशिवाय कमी-जास्त ठरवणार कशाच्या तुलनेत?

कमी गुण म्हणजे नक्की काय?

समजा, एखाद्याला कमी गुण मिळाले. घाई करू नका. त्यामागे बरीच कारणं असू शकतात.

- व्हिडिओ चालू असताना लक्षच टिकलं नसेल.
- औषधांमुळे गुंगी किंवा संथपणा आला असेल.
- प्रश्न लांबलचक असेल आणि शेवट येईपर्यंत सुरुवात विसरली असेल.
- सोबत नैराश्य असेल, त्या दिवशी बोलायचीच इच्छा नसेल.
- परीक्षा, कॅमेरा, अनोळखी डॉक्टर यांचं दडपण आलं असेल.

म्हणून जाणकार एकट्या गुणांवर निष्कर्ष काढत नाहीत. लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या सोबत घेतात, घरच्यांशी बोलतात, माणसाचं रोजचं वागणं बघतात.

शिवाय चाचण्यांचीही परीक्षा घ्यावी लागते. अमेरिकेतल्या ‘स्कोप’ या प्रकल्पाने तेच केलं. तज्ज्ञांनी सुचवलेल्या चाचण्यांतून ८ निवडल्या आणि रुग्ण व निरोगी लोक, दोघांवर तपासल्या. त्याच माणसाने काही दिवसांनी पुन्हा चाचणी दिली तर गुण साधारण तेवढेच येतात का? गुणांचा प्रत्यक्ष जगण्याशी संबंध लागतो का? २०१६ साली आलेल्या निष्कर्षांत हिंटिंग टास्क आणि भाव ओळखण्याची ‘ब्लर्ट’ ही चाचणी सगळ्यात भरवशाच्या ठरल्या. आणि सोशल परसेप्शनसाठी निवडलेली, नात्यांचा अंदाज घेणारी चाचणी? ती जपून वापरावी, असं सांगितलं गेलं.

थोडक्यात, सोशल परसेप्शन मोजता येतं, पण वजनकाट्यासारखं नाही.

मोजून करायचं काय?

पहिला उपयोग प्रशिक्षणाचा. सामाजिक आकलन सरावाने सुधारता येतं, यासाठी गटात चालणारे कार्यक्रम जगभर वापरले जातात. भाव ओळखायचे, निष्कर्षावर उडी मारायची नाही, ‘मला वाटतंय’ आणि ‘मला माहीत आहे’ यातला फरक करायचा, खात्री नसेल तर सरळ विचारायचं, असा सराव असतो. नेमकं कुठे अडतंय हे कळलं तर सराव तिथून सुरू करता येतो. भाव ओळखण्यात सुधारणा बऱ्यापैकी दिसते. ती कामाच्या ठिकाणी आणि घरात किती उतरते, हा पुढचा आणि जास्त अवघड टप्पा.

दुसरा उपयोग दोषारोप कमी करण्याचा. ‘उद्धट आहे’, ‘माणूसघाणा झालाय’, ‘याला कशाचंच काही वाटत नाही’ या शेऱ्यांच्या जागी ‘याला खुणा वाचायला अडचण येते’ हे वाक्य आलं, की घरातलं बोलणं बदलतं.

हे गुण म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला मात्र नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. त्यासाठी ‘आयडियाज’ ही भारतीय मोजपट्टी वापरली जाते. ती स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद व समज आणि काम या चार गोष्टी बघते. म्हणजे तिथंही निम्मी मोजपट्टी माणसांमधल्या वावराबद्दलच आहे.

इन्स्टाग्रामवरची क्विझ दिली तर चालेल?

फक्त डोळे दाखवून ‘ही व्यक्ती काय विचार करतेय?’ विचारणाऱ्या क्विझ तुमच्या फीडमध्ये आल्या असतील. यातल्या बऱ्याच सायमन बॅरन-कोहेन यांच्या डोळ्यांच्या ३६ फोटोंच्या चाचणीवर बेतलेल्या असतात. गंमत म्हणून सोडवायला हरकत नाही. पण त्यात कमी गुण पडले म्हणून स्किझोफ्रेनिया होत नाही, आणि पैकीच्या पैकी पडले म्हणून तो नाही असंही ठरत नाही. या चाचणीत अवघड शब्दांचे अर्थ माहीत असणाऱ्याला आपोआप फायदा मिळतो. स्किझोफ्रेनियाचं निदान मनोविकारतज्ज्ञ करतात, तेही बोलून, इतिहास समजून घेऊन आणि काही काळ निरीक्षण करून.

घरात असा कुणी असेल तर?

- आडून बोलू नका. "किती पसारा झालाय!" याऐवजी "हे कपडे कपाटात ठेवतोस का?" असं म्हणा.
- थट्टा करत असाल तर थट्टा आहे हे सांगा. समोर बसून कुजबुजू नका.
- आपल्या मनातलं शब्दांत सांगा: "मी दमलेय, तुझ्यावर रागावलेली नाही."
- एका वेळी एकानेच बोला. लग्न, जत्रा अशा गर्दीच्या ठिकाणी मधून बाहेर पडायची मुभा ठेवा.
- त्याचा चेहरा कोरा दिसला म्हणून आत भावना नाहीत असं समजू नका. आजारामुळे किंवा औषधांमुळे चेहऱ्यावर कमी उमटतं.
- औषध स्वतःहून बंद करू नका.

मदतीसाठी केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाइन आहे: १४४१६. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करता येते. मुंबई-कर्जत पट्ट्यातल्यांसाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.

खुणा वाचणं ही दोन्ही बाजूंची गोष्ट आहे. चाचणी नेहमी रुग्णाची होते: त्याला आपण कळतो का? पण तो आपल्याला कळतो का, ही परीक्षा बाकीच्यांनी क्वचितच दिलेली असते. तो गप्प आहे म्हणजे रुसलाय, तो नजर टाळतोय म्हणजे खोटं बोलतोय, असं ठरवून मोकळे होणारे आपणही खुणा चुकीच्याच वाचत असतो. आपल्याला ते सुधारायला कुठलं औषध लागत नाही. "तुला काय वाटतंय?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट बघितली, तरी सुरुवात होते.